चौकातील वाचनालयाच्या नावावर चढलेल्या अकरा कामांबाबत

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
परकीय मदत नोंदणी कक्ष

विषय: अकरा कामे कमी करून दोन दिवे मिळण्याबाबत.
संदर्भ: आपले नकारपत्र, "या स्थळी पुरेशी मदत पोहोचली आहे."

महोदय,

दिव्यांची माझी पहिली मागणी आपण नाकारल्यापासून हा अर्ज चौथ्यांदा लिहीत आहे. आधीचे तीन पाठवण्याचे धैर्य झाले नाही. चूक माझीच असेल, असे अजूनही वाटते.

१) चौकातील जुने वाचनालय मी एकतीस वर्षे सांभाळतो. चौकशीअंती कळले, की मदत देणाऱ्या परदेशी संस्थांना कामाचा नेमका पत्ता ठाऊक नसला, की त्या नकाशावर गावाच्या मध्यावर खूण करतात. तो मध्य माझ्या छपरावर येतो. त्यामुळे आपल्या नोंदवहीत आमच्या एका खोलीत पाण्याची टाकी, दोन दवाखाने आणि कुक्कुटपालन केंद्र धरून अकरा कामे झाली आहेत. गेल्या महिन्यात तपासनीस कोंबड्या मोजायला आले. त्यांनी कपाटामागेही पाहिले. मला उगाच अपराधी वाटले.

२) समोरचे नवे वाचनालय माझ्या जुन्या मदतनीसाचे आहे. त्याने घरक्रमांकासह पत्ता दिला. त्याला तीन संस्थांनी दिवे, टेबले, गाद्यांच्या खुर्च्या दिल्या. पुस्तकांना पुठ्ठे चिकटवणे मीच त्याला शिकवले. मी त्याच्यावर जळतो, हे अर्जात लिहू नये, पण ते खरे आहे.

३) माझी पत्नी आता तिकडे वाचायला जाते. "तिथं अक्षर दिसतं. तुमच्याकडे अंदाजानं वाचावं लागतं," असे ती म्हणाली. तिच्या म्हणण्यात खोट काढता आली नाही.

४) तिची छत्री द्यायला गेलो, तेव्हा भिंतीवर तिन्ही संस्थांचे अहवाल दिसले. प्रत्येकात वाचक बेचाळीस. आपल्या एकत्रित यादीत तेच एकशे सव्वीस झाले आहेत. म्हणजे माझी पत्नी त्याच्याकडे तीन वेळा आहे. माझ्याकडे ती एकदाच होती.

तरी माझी अकरा कामे खोडावीत, तिला एकदाच मोजावे आणि दोन दिवे द्यावेत. दोन जमत नसतील, तर खिडकीजवळच्या खुर्चीवरचा एक पुरे.

आपल्या वेळेबद्दल संकोचलेला,
आपला नम्र,
ग्रंथपाल, जुने वाचनालय
दिनांक: १४ मार्च

सोबत:
१. आपले नकारपत्र.
२. तपासनीसांचा दाखला (कोंबड्या: शून्य).
३. पत्नीची अर्धी वाचून राहिलेली कादंबरी, पान १४२ वर खूण. पाहून लगेच परत करावी. ती केव्हाही मागेल.