कुंभारीच्या वळणावरचे पुढचे टायर

प्रिय महेश्वर,

गाडी घसरली की दोष ड्रायव्हरचा, आणि सुखरूप पोचली की कौतुक गाडीचं. दुसऱ्याच्या गाडीचं स्टेअरिंग धरून आयुष्य काढलेल्या तुझ्यामाझ्यासारख्या सगळ्यांच्या पोटात ही एकच आग आहे. तू ड्रायव्हरकी सोडून टायरचं दुकान टाकलंस, मी ड्रायव्हर संघटनेच्या सभा गाजवत राहिलो. तुझ्यातली आग अजून विझली नसेल, असं धरून लिहितो.

शाकीरचं तुला कळलं असेलच. मंगळवारी दुपारी, भर पावसात, कुंभारीच्या वळणावर शाकीर चालवत असलेली शेठची ती दांडगी मोटार घसरली आणि थांब्यावर उभ्या असलेल्या तानाबाईंवर गेली. त्यांचा पाय मोडला. शेठ सांगत सुटलेत की टायर कोरे करकरीत होते, शाकीरनंच मस्तीत रेस दिली. हे खरं ठरलं तर त्याचं लायसन्स जाईल, वर गुन्हा लागेल.

त्या गाडीचा स्वभाव तुला सांगायला नको. पुढचीच चाकं ओढणार आणि पुढचीच वळवणार. एवढ्या ताकदीच्या इंजिनाला ओल्या रस्त्यावर जरा जास्त रेस मिळाली, की चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी स्टेअरिंगचं ऐकत नाही. म्हणून तर मी शाकीरला मुद्दाम पावसात शिकवलं. दुसऱ्या गिअरात हळू उचल, चपलेखाली पापड आहे असं समजून पाय ठेव. वेग वळणाआधी कमी कर, वळणात रेस नको. चाक फिरायला लागलं तर घाबरून ब्रेक मारू नको, पाय हलका कर. तू बाजूला उभा राहून ओरडत होतास, "आरं, पापड कुटला, ह्यो तर भाकरी थापायलाय!" आणि शाकीर हसत म्हणाला होता, "चाचा, तुमीच बसा की मग!"

तोच शाकीर बुधवारी मान खाली घालून म्हणाला, "चाचा, पाय नुसता टेकवला व्हता. पुढच्या टायरला नक्षीच ऱ्हायली न्हवती. शेठला दोनदा सांगितलं. म्हनले, दिवाळीला बघू."

मग मी शेठच्या शेडमध्ये गेलो. ओढून आणल्यापासून गाडी तिथून हललेली नाही, असं त्यांचाच माणूस म्हणाला. पुढचे दोन्ही टायर कोरे. रबराचे बारीक केससुद्धा झिजलेले नाहीत. बाजूला कुंकवाचा ठिपका आणि त्यावर तीन बोटांनी ओढलेलं भस्म, कोरडं, ठसठशीत. भर पावसात चिखल तुडवून आलेल्या चाकावर भस्म टिकतं होय? नव्या टायरला कुंकू सगळेच लावतात. वर भस्माची तीन बोटं ओढणारा टायरवाला मला एकच माहीत आहे.

टायर कशासाठी बदलतोयस हे तुला ठाऊक नसेल, असं मी दोन दिवस मनाला समजावलं. पटत नाही. शेठच्या बारा गाड्यांचं काम तुझ्याकडं आहे, आणि बुधवारपासून माझा फोन तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र शटरखालून सरकवतोय.

काढलेला टायर तू फेकत नाहीस, दुकानामागं पत्र्याखाली रचतोस. शनिवारी अकराला पोलीस ठाण्यात शाकीरचा जबाब आहे. मला खुलासा नको, माफीही नको. ते दोन गुळगुळीत टायर रिक्षात घाल आणि शनिवारी दहाच्या आत स्वतःच्या हातानं ठाण्यात नेऊन दे.

अजून तरी तुझाच,
त्रिंबक