सावलीला धार

२ मे १९५७
आलो एकदाचा! नागपूरकडच्या तळेगावपासून बैलगाडीनं दोन तास. कंबर पार ढिली झाली, पण मन खूश आहे. पत्र्याची का होईना स्वतंत्र खोली, टेबल, गार पाण्याचा माठ आणि दारावर पाटी: ओवरसियर. आईला लिहून टाकलं, तुझा मुलगा साहेब झाला. समोर नदीचं कोरडं पात्र, त्यात पुलाचे चार अर्धवट खांब आणि दगडी चिरे उचलणारी वाफेची क्रेन. पावसाआधी खांब पुरे झाले पाहिजेत, असं आमचे इंजिनियर बंडोपंत यांनी चहा पाजता पाजता तीनदा बजावलं.

४ मे
क्रेन हरिदास चालवतो, पण त्याला इशारे देतो कवडू. हातात लाल फडकं, गळ्यात शिट्टी. हरिदासनं इशारा मानायचा तो एकट्या कवडूचा, साहेबाचाही नाही, असा इथला नियम. मला जरा झोंबलंच. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन हा बौद्ध झाला. आता वाकत नाही, ताठ मानेनं ‘जय भीम’ म्हणतो. असो, गडी कामाचा आहे. रेजांच्या, म्हणजे इथल्या मजूर बायकांच्या, डोक्यावर घमेली, त्यांना वर बघता येत नाही. म्हणून यानं त्यांना जमिनीकडे बघायला शिकवलंय. चिऱ्याची सावली दिसली की वळसा घालायचा. मलाही शिकवणी झाली: “सावली फिकी असली तं ओझं वर हाये साहेब. कडेले धार आली का डोक्यावर आलं समजा. मंग पाहत राहू नका.” तीन शिट्ट्या म्हणजे पळा.

१३ मे, सोमवार
दर सोमवारी क्रेनचा तारेचा दोर तपासून वहीत सही करायची, हे माझं काम. पण या उन्हात चढतंय कोण! कवडूनंच दोरावरून चिंधी फिरवली आणि माझ्या टेबलावर आणून टाकली. जागोजागी फाटली होती. आतल्या तारा तुटून काटे वर आलेत म्हणाला, दोर बदलल्याशिवाय चिरा उचलू नका. बंडोपंत हसले. नवा दोर यायला महिना, तोवर काय भजन करायचं? नवी नोकरी, पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार. मी ‘दोर ठीक’ लिहून सही केली.

१६ मे
भर बारा वाजता दोर तुटला. कवडूनं तीन शिट्ट्या मारल्या, रेजा पांगल्या. तानाबाई तेवढी पाय अडकून पडली. तो तिला ओढायला धावला. दोघंही चिऱ्याखाली गेली.
संध्याकाळी बंडोपंतांनी वही पुढे सरकवली. शब्द त्यांचे, अक्षर माझं: कवडूने चुकीचा इशारा दिला.

२० मे
कवडूची बायको देवकाबाई दारात उभी राहिली. रडली नाही. तानाबाईच्या घरचे म्हणतात, तुझ्या नवऱ्यानं आमची बाई मारली. विहिरीवर कुणी बोलत नाही, मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. “माह्या माणसाची चूक नोयती, एवढं वहीत लिवा साहेब.” उद्या लिहितो म्हणालो.

२२ मे
नवा दोर आला. महिना लागणार होता ना? माणसं मेली की दोर मोटारीनं येतो!
दुपारी पात्रात उभा होतो. रेजांची रांग सरळ येत होती. माझ्याजवळ आली आणि वळसा घालून गेली. एकूण एक बाई. खाली बघितलं तर माझ्याभोवती फिकी चौकोनी सावली. वर बघितलं, नुसतं आभाळ. क्रेन शंभर हात लांब, बॉयलर थंड.

२४ मे
सावली खोलीत आली आहे. पत्र्याखाली, उन्हाशिवाय. टेबल हलवलं, खाट हलवली. मी जिथे, ती तिथे. हरिदासला दाखवली, त्याला काही दिसत नाही. रेजांना दिसते. एकजणी म्हणालीसुद्धा, हटा ना साहेब. हटून जाऊ कुठे?
देवकाबाई आली होती. उद्या म्हणालो.

२५ मे
आज माझाच तोल गेला. तिच्यावर ओरडलो, तुझ्या नवऱ्याचं भूत आवर. ती शांतपणे म्हणाली, “आमी भूत मानत नाई साहेब. तो गेला. हे तुमचंच हाये.”
लाज वाटली. तरी उद्याच म्हणालो.

२७ मे, सोमवार
धीर करून वही मागितली. बंडोपंत वही घेऊन नागपूरला निघाले होते. जाण्याआधी पुढच्या तीन सोमवारांच्या सह्या मागितल्या. नव्या दोराकडे न बघता.
केल्या मी. केल्या!

२८ मे
काळी होत चाललीय. कडा दिसते — चिऱ्याचा टवका उडालेला कोपरासुद्धा — तोच चिरा. वर बघायची हिंमत नाही. जेवलो नाही. रेजा आता या बाजूनं येतच नाहीत —

२९ मे
बारा वाजले. धार आली.
शिट्टी — तीनदा. ती शिट्टी कवडूबरोबर पुरली, मी डोळ्यांनी पाहिलं — पुन्हा तीनदा. अरे, मेलेला माणूस मला पळ म्हणतोय. मला!
दार उघडं आहे. पळता येईल. पण पळालो तर पुन्हा उद्या — माझा उद्या कधी —
वही नाही. मग इथेच. हे पान देवकाबाईला द्या. गावात वाचून दाखवा.
कवडूचा इशारा बरोबर होता. दोर तुटत आला होता. मला सोमवारीच माहीत होतं. तरी ‘ठीक’ लिहून खाली सही करणारा मी, ओवरसियर