पहिला मासा तिचा

१० मे
पोचलो एकदाचा! गांधीबागेतलं कापडाचं दुकान पंधरा दिवसांसाठी धाकट्या भावाच्या गळ्यात मारलं आणि कन्हान नदीच्या काठी रुपरावांकडे मुक्काम ठोकला. रुपराव पिढीजात मासेमार, साठीचे, कमी बोलणारे. दुकानातला लाल रेशमी दोरा आणि कोंबड्याचं पीस घेऊन मी गळावर बांधलेली, माशाला भुलवायची खोटी माशी पाहून त्यांच्या पत्नी, प्रयागबाई, तोंडाला पदर लावून हसल्या. त्यात मी मासा खात नाही, नुसता धरतो, हे कळल्यावर तर फारच. हौसेला मोल नाही!

रुपरावांच्या दोन अटी आहेत. गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करायचा, म्हणजे मासा अलगद सुटतो. आणि दिवसाचा पहिला मासा डोहाजवळच्या खडकावर पाणमांजरीसाठी ठेवायचा. तिला दोन पिल्लं आहेत.

११ मे
सकाळी खंड्या दिसला, वाळूत टिटवीची अंडी सापडली, आणि मग ती आली, मागे पिल्लं. दोन्ही हातांत मासा धरून खाते, आपण भुट्टा खातो तशी. मी तासभर बघत बसलो.

काटा दाबल्यामुळे माझे चार मासे निसटले. मित्रांना फोटो काय पाठवू, कपाळ?

१२ मे
रुपरावांनी विचारलं, "काहून गा भाऊ, काटा दाबला ना?" मी हो म्हटलं. लाल माशीच्या गळाचा दाबला नव्हता.

मोठी मरळ लागली. फोटो काढला. पण गळ तिच्या घशात रुतला, निघेना, आणि समोरून रुपराव येताना दिसले. मी दोरा तोडला आणि मासा गळासकट खडकावर ठेवला. पहिला मासा तिचा, असं वर हसून सांगितलं. त्यांनी पाठ थोपटली.

तिनं तो खाल्ला. मी बघत होतो.

१३ मे
ती मान वाकडी करून खडकावर बसून आहे. खात नाही. रुपराव म्हणाले, ऊन लागलं असेल. गळ अडकल्याची शंका असती तर वनखात्याच्या डॉक्टरला आजच बोलावलं असतं, पण तुमच्यावर भरवसा आहे. मान वर करवली नाही.

१४ मे
माझ्या घशात टोचतंय. प्रयागबाईंनी कोरड्या भाताचे गोळे गिळायला दिले. काटा अडकला असेल म्हणाल्या. मी मासा खातच नाही.

१५ मे
भर दुपारी दारात दोन्ही पिल्लं. ओली. माझ्या तोंडाकडे बघत. प्रयागबाईंना दिसली नाहीत. उंबऱ्यावरचं पाणी मात्र त्यांनीच पुसलं.

सांगायला गेलो. रुपराव शेजाऱ्याला माझं कौतुक सांगत होते. परत आलो. थू माझ्यावर.

१६ मे
आवाज गेला. आरशात पाहिलं — घशात लाल दोरा. माझ्याच दुकानातला. ओढला — पलीकडून कोणीतरी ओढलं. नदीकडून.

१७ मे
ती जिवंत आहे अजून. रुपराव अंगणात आहेत. हा कागद दाखवायचा, बस. दोरा ओठांतून बाहेर, उंबऱ्यापलीकडे — ताणतोय — लवकर —

रुपरावजी, डॉक्टरला बोलवा. काटा मी दाबला होता.

नाही. खोटं. इथंही खोटंच लिहिलं. काटा मी—