दिवाणाचे गुडघे आणि माझं घर

मी, भागीरथाबाई महादेवराव ढोबळे, वय अडुसष्ट, राहणार सक्करदरा, नागपूर, डोकं ठिकाणावर ठेवून, कोणाच्या दबावाशिवाय, स्वतःच्या हातानं हे लिहून ठेवते. शिकली चौथी, अक्षर सांभाळून घ्यावं. उद्या पोटाचं ऑपरेशन आहे. मी घाबरत नाही. पण दोन ओळी झाल्या की उठून दिवाणाले पाहून येते.

दिवाण माझा कुत्रा, चौदा वर्षांचा. थंडीत त्याचे मागचे पाय धरतात. रोज सकाळी उन्हात मालिश लागते, नाहीतर उठत नाही.

कलम १. जन्मभर मी बाळंतिणी आणि लेकरं चोळली. त्या कामाचा पाट माझ्या हाताखाली शिकलेल्या शोभाताईले. माझं पितळी पातेलं सहा वर्षांपासून तिच्याकडं आहेच, तेही आता तिचंच समजावं.

कलम २. दिवाणाची मालिश अशी. हात शेगडीवर गरम करावे. मांडीवर गोल गोल, गुडघ्यावर जोर नाही. तेल नाही. त्याचे पाय धरले त्या पहिल्या हिवाळ्यात मी लेकरांचं कापराचं तेल चोपडलं. त्यानं सगळं चाटलं, दोन दिवस मरता मरता वाचला. लेकरू आपला गुडघा चाटत नाही, त्यामुळे मले सुचलंच नाही.

कलम ३. घर मुलगा चंद्रभान याले, पण दिवाणाले सांभाळलं तरच. तो खापरखेड्याले पॉवर हाऊसमध्ये असतो, शनिवारी येतो. म्हणतो, "क्वार्टरात कुत्रं नाही चालत, आई. देऊन टाकू कोणाले." सून शामला इथंच असते. तिचा टोमणा वेगळा : "माझ्या बाळंतपणात असा हात नाही लावला तुम्ही." खरं आहे. तेव्हा मी सदर बाजारातल्या शेठाणीले चोळाले जात होती.

इथवर लिहून परत उठली. ओट्यावर शामला! शेगडीवर हात शेकते, मग दिवाणाच्या मांडीवर ठेवते. तो डोळे मिटून पडलेला.

"कोणी शिकवलं वं तुले?"

"पाच हिवाळे खिडकीतून पाहून राहिली, आई. तुम्ही कधी बोलावलंच नाही."

मले हसूच आवरेना. दिवाणानंही शेपूट आपटली.

कलम ३ खोडलं. घर शामलाच्या नावानं. अट काही नाही. चंद्रभानले क्वार्टर आहे; शनिवारी यावं, चहा मिळेल.

कलम ४. शामलाची पाठ चोळायची बारा वर्षांपासून राहिली आहे. ती आजच, ऑपरेशनच्या आधी. शेजारचे रुपराव म्हणतात, हे मृत्युपत्रात लिहीत नसतात. मी लिहिते. कापराचं तेल काढून ठेवलं आहे. ती काही चाटत नाही.

सही : भागीरथाबाई ढोबळे
साक्षीदार, दोघंही शेजारचे, माझ्यासमोर सही केली :
१. रुपराव मारोतराव बोंद्रे
२. कुसुमताई शालिकराम वाघमोडे
नागपूर, १४ डिसेंबर १९७६