गुरुवारचा गरजू

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२.
गरजूंना मदत करा, भुकेल्याला जेवू घाला, आजाऱ्याला भेटा, एकट्याजवळ जाऊन बसा. एवढंच सांगायला पाळकसाहेबांनी पाऊण तास घेतला. पहिल्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. त्यांना निमित्तच हवं असतं.
नंतर चर्चच्या ऑफिसात कागदावर नावं लिहायला झुंबड. सगळे हौशे-नवशे. मी इन्शुरन्स कंपनीत एकतीस वर्षं क्लेम तपासले आहेत. खरा गरजू कोण आणि ढोंगी कोण, हे मला बसण्याच्या पद्धतीवरून कळतं. कागदावर डावीकडे गर्दी, म्हणून उजवीकडे मोकळ्या जागेत नाव लिहिलं, पत्ता लिहिला, 'गुरुवारी चार ते पाच मोकळा' असंही लिहिलं. वर काहीतरी छापलं होतं, पण चष्मा खिशात. अक्षर मात्र सगळ्यांत माझंच चांगलं.
संकल्प: महिन्याभरात एका तरी माणसाला पायावर उभं करायचं.

३ फेब्रुवारी, सोमवार.
हिला फोन केला. आठ महिन्यांपूर्वी ही बहिणीकडे चार दिवसांसाठी गेली आहे. मी समाजसेवा सुरू करतोय म्हटल्यावर म्हणाली, जेवलात का. विषयाला धरून बोलणं हिला कधी जमलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ५.१५.
गरजू मिळाला! कोणाकडे पाठवतात याची वाट बघत होतो, तर हा स्वतःच दारात उभा. म्हणाला, पाळकसाहेबांनी पाठवलंय. सत्तरीचा सुतार, एक बोट अर्धं. आता मदतसुद्धा यांना घरपोच हवी. माझा बसचा हेलपाटा वाचला म्हणून बोललो नाही.
पंचावन्न मिनिटं मी बोललो. क्लेमसाठी आलेल्या एका विधवा बाईचा किस्सा सांगितला. अर्जदाराऐवजी साक्षीदाराच्या रकान्यात सही केली होती. फॉर्म तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा आलीच नाही. रकाना न वाचता सही करणाऱ्यांची कीव करत बसलं तर ऑफिस चालायचं कसं, हे त्याला नीट समजावलं. सुतार म्हणाला, तिला कोणी वाचून दाखवलं नसेल. म्हणजे डोक्यात काही शिरलं नाही.
जाताना सूपचा डबा ठेवून गेला. उपकाराचं ओझं नको, म्हणून असणार. त्याचा स्वाभिमान दुखावू नये म्हणून प्यायलो. मीठ कमी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
माझं पुढचं दार वर्षभर अडकतंय, खांदा लावावा लागतो. सुतार रंधा घेऊनच आला. मी करू दिलं. हात कामात असले की या लोकांचं मन रमतं. दार आता एका बोटाने उघडतं. त्याला आनंद दिला, आणखी काय हवं?
त्याची बायको गेली. माझी बहिणीकडे गेली आहे, हा फरक त्याला दोनदा समजावून सांगितला. तरी खांद्यावर हात ठेवून बसला. कोणाच्या किती जवळ जावं, याचा पोच नाही.
आजही डबा. आजही मीठ कमी.
संकल्प: पुढच्या गुरुवारी त्याच्यासाठी बिस्किटं.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
बिस्किटं आणली होती. बुधवारी संपली. एकट्या माणसाच्या घरात पुडा टिकत नाही.
सुताराने डब्यातून उकडलेली अंडी आणली. माझ्या शर्टाला दोन बटणंही लावली. तेवढ्या वेळात मी त्याला स्वावलंबनाचं महत्त्व सांगितलं. दातात दोरा धरून ऐकत होता. हसलाही. प्रगती आहे. पाळकसाहेबांना रिपोर्ट द्यायला हरकत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.
४.१०. सुतार नाही.
४.२५. दोनदा दार उघडून पाहिलं. उघडतं मात्र छान.
५.४०. गेला उडत. एवढं करूनही जाण नाही. तिन्ही डबे मी स्वतः घासून ठेवले होते.
६.१५. काही झालं असेल तर? पत्ता कधी विचारला नाही. नावसुद्धा नाही. आज घर फार मोठं वाटतंय. दोनच खोल्या आहेत.

२ मार्च, रविवार.
तक्रार करायला चर्चच्या ऑफिसात गेलो. कागद भिंतीवरच होता. चष्मा लावला.
डावीकडे छापलंय, 'भेटायला जाणारे'. बारा नावं, त्यात एकापुढे कंसात सुतार. उजवीकडे, 'भेट हवी असलेले'. एक बहिरी आजी. एक अंथरुणाला खिळलेला शिंपी. आणि मी. सुवाच्य अक्षरात.
खाली वहीत सुताराचे शेरे. 'बोलायला कोणी नाही. ऐकून घेतलं.' 'दार नीट केलं. बायको परत येईल म्हणतात.' 'खाण्याचे हाल. अजून बरेच महिने जावं लागेल.'
नाव खोडायला पेन काढलं. खोडलं की अब्रू वाचली. पण खोडलं की गुरुवारही गेला. पेन खिशात ठेवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तीनदा आलेली बाई आठवली. चेहरा आठवेना. मी फॉर्मवरून वर पाहिलंच नव्हतं.
पाळकसाहेब म्हणाले, सुतार तापाने पडलाय. पत्ता लिहून घेतला.

६ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६.३०.
तीन रिकामे डबे पिशवीत घालून बसने गेलो. एक खोली, एक पलंग, खुंटीला करवत. पडल्यापडल्याच त्याने विचारलं, दार परत अडकलं का? आणि जेवलात का?
मी चहा केला. निम्मा उतू गेला, उरलेला करपला. सुतार प्यायला आणि फक्कड झालाय म्हणाला. इतकं उघड खोटं मी एकतीस वर्षांत कधी मंजूर केलं नव्हतं. आज केलं. मग त्याच्या अर्ध्या बोटाचं विचारलं. त्याने सांगितलं. मी पहिल्यांदाच ऐकलं.
पाच वाजता पाळकसाहेब वही घेऊन आले. वाटलं, आता तरी डावीकडे आपलं नाव लागणार. तेवढ्यात सुतार उशीवरून उठत घाईने म्हणाला, साहेब, याही गुरुवारी आमची भेट झाली बरं का, चुकवली नाही. पाळकसाहेबांनी त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली. शेरा लिहिला, 'गरजू स्वतः चालत आले. सुधारणा आहे.'
चुकीच्या रकान्यात नोंद. हरकत घ्यायला तोंड उघडलं, तोवर सुताराने शेजारणीने आणून दिलेलं सूप मी आणलेल्या एका डब्यात अर्धं ओतलं होतं.
घरी आणून प्यायलो. मीठ बरोबर आहे.