सुजाताताईंसाठी राखाडी पैठणी

३ ऑक्टोबर २००५
साइटचा काउंटर ११. त्यातले नऊ मी. एक जितू. एक बहुतेक परत जितूच.
साइट टाकून एकवीस दिवस झाले. विणकर रघुकाकांना अण्णांच्या देखत सांगून बसलोय की दिवाळीपर्यंत येवल्याच्या मागावरून पैठणी थेट गिऱ्हाइकाच्या घरी, मधे शेठ नाही. अण्णा चहा पीत ऐकत होते. परत येताना एसटीत म्हणाले, "आयटीआय सोडलंस. दिंडोरीच्या द्राक्षांतून पळालास. मोबाइलच्या दुकानातून पळालास. रघू माझा शाळेपासूनचा दोस्त आहे. यातून पळू नको."
पळत नाहीये. पण कोणी येतच नाहीये त्याला मी काय करू.

५ ऑक्टो.
दिवसभर जितूच्या सायबर कॅफेत. पंखा एकच, तो त्याच्या टेबलावर.
जितू म्हणे, "अकरा आकडा बघून कोण थांबेल? रिकाम्या हॉटेलात तू शिरतोस का?" काउंटर शून्यापासूनच सुरू करायचा असं कुठे लिहिलंय, असं त्याचं म्हणणं. पटलं. ५००० पासून सुरू केला. पानाच्या तळाला पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत साडी, सिल्क, पैठणी, लग्न, नवरी हे चाळीस-चाळीस वेळा लिहिलं. माणसांना दिसत नाही, सर्चवाल्यांना दिसतं म्हणे. जितू म्हणाला दोन हिरॉइनी पण टाक. टाकल्या.
नंतर गंगापूर रोडला एक सेकंडहँड बाइक बघायला गेलो. घ्यायची नव्हती. सहज. तीन तास.

९ ऑक्टो.
फुकट गिऱ्हाईक मिळवायच्या युक्त्यांचं एक पान सापडलं, इंग्रजीत, प्रिंट काढली. जितूकडून अर्थ लावून घेतला. त्यात लिहिलंय, लोक तुमचं ऐकत नाहीत, आधी येऊन गेलेल्यांचं ऐकतात. म्हणून गेस्टबुक भरलेलं पाहिजे. आणि नुसतं 'छान' लिहिलं तर कोणाला खरं वाटत नाही, बारीक तपशील हवा.
आमचं गेस्टबुक कोरं. मग भरलं. पुण्याचा राजेश, "व्हेरी नाइस." बडोद्याची कोणी, "सुंदर." तिसरी जरा मन लावून लिहिली. सुजाता, न्यू जर्सी. "माझ्या मुलीच्या लग्नासाठी पैठणी हवी आहे. पदरभर मोर. रंग मात्र राखाडी पाहिजे."
राखाडी का, तर समोर मॉनिटर राखाडी होता.
जितूने वाचून टाळी दिली. म्हणे एकदम ओरिजनल वाटते बाई.

१६ ऑक्टो.
येवल्याला जाऊन आलो. गेस्टबुकची प्रिंट नेली होती, काकांना काहीतरी दाखवायला हवं होतं. पाच हजार लोक येऊन गेले म्हटल्यावर शांताकाकूंनी पदराने हात पुसले आणि कागद हातात घेतला, जणू पत्रिका आहे.
सुजाताचं वाचून काका थांबले. "राखाडी? राखेचा रंग लग्नात कोण नेसतं रे?"
मी म्हटलं, तिकडचं वेगळं असतं काका.
"हां. तिकडं थंडी लय. तिला माहीत."
कागद मागाशेजारच्या खिळ्याला अडकवला. तेव्हाच बोलायला हवं होतं. काकूंनी शेव-भाजी केली होती. जेवलो आणि आलो. विसरतील.

७ नोव्हेंबर
विसरले नाहीत.
काकांचा फोन आला अण्णांच्या ऑफिसात, मी डबा द्यायला गेलो होतो. सुजाताताईंचं काम धरलंय. दोन वर्षं पेटीत जपून ठेवलेलं स्वतःचं रेशीम काढलं, ते राखाडी रंगवून आणलं, ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढवला. शेठला सांगून टाकलं, हे पाच-सहा महिने तुमचं विणणार नाही, माझं स्वतःचं गिऱ्हाईक आहे. शेठने त्यांचं काम शेजारच्या गल्लीत देऊन टाकलं.
अण्णा फोन ठेवून माझ्याकडे बघून हसले. पहिल्यांदा असे हसले असतील, दहावीनंतर.
मी संडासात जाऊन बसलो.

८ नोव्हें.
जितूला सांगितलं. आधी हसला, मग नाही हसला. "ताणा सोडता येत नाही का?"
येत नाही. म्हणजे येतो, पण रंगवलेलं रेशीम राखाडी ते राखाडीच. शेठ घेणार नाही, लग्नाच्या बाजारात राखाडी पैठणी कोण मागतं. काकांची पाच महिन्यांची मेहनत एका बाईसाठी चाललीय आणि ती बाई मी आहे.
एकच मार्ग. साडी होईपर्यंत खरी बाई शोधायची. जगात एवढ्या बाया आहेत. राखाडी आवडणारी एक.

१० नोव्हें.
नेटवरच्या गप्पांच्या तेवीस कम्युनिट्या जॉइन केल्या. परदेशातले मराठी, साडीप्रेमी, लग्न ठरलेल्या मुली, पैठणी, एक 'आम्हाला ग्रे आवडतो' नावाची पण निघाली. सगळीकडे तेच चार ओळींचं चिकटवलं. कॉपी, पेस्ट, कॉपी, पेस्ट, बोट दुखलं. शंभरएक अनोळखी बायकांच्या पानांवर स्क्रॅप, म्हणजे निरोप, टाकले. "हाय, तुम्हाला राखाडी रंग आवडतो का?"
आता वाचताना कळतंय कसं दिसतं ते.

१४ नोव्हें.
एकोणीस कम्युनिट्यांतून हाकललं. एका बाईने स्क्रॅपमध्ये लिहिलं, "दादा, घरी आई-बहीण आहे ना? तिला विचारा कुठला रंग आवडतो." दुसरीच्या नवऱ्याने लिहिलं ते इथे लिहीत नाही. ग्रेवाल्या कम्युनिटीत सगळे गाड्यांचे फोटो टाकतात.
मेलची साखळी पण सोडली. 'ही मेल दहा जणांना पाठवा, विणकराला मदत होईल.' एकच उत्तर आलं. मेल पोचली नाही असं.

२८ नोव्हें.
मधे लिहिलं नाही. दिंडोरीला होतो. मित्राच्या मामाला द्राक्षबागेची साइट करायची होती. बारा दिवस राहिलो, साइट झाली नाही, ट्रॅक्टर चालवायला शिकलो. पळालो असं नाही. डोकं शांत करायला.
आज आल्यावर काउंटर बघितला. ५०६४! जाताना ५०३० होता.
मी बारा दिवस उघडलीच नव्हती. जितूनेही नाही, शप्पथ घेतली त्याने.

२ डिसेंबर
रोज दोन-तीनने वाढतोय. लक्ष ठेवून बसलो. दुपारी साडेतीनपर्यंत काही नाही, चारच्या आसपास हलतो. जितूने हिशेब लावला, न्यू जर्सीत तेव्हा पहाटेचे साडेपाच. म्हणजे सुजाता नसली तरी तिच्या गावात कोणीतरी आहे. पहाटे उठून पैठणी बघणारी. रोज.
जितूला भेळ दिली. तो म्हणे पांढरी अक्षरं लागू पडली.

११ डिसें.
गेस्टबुकमध्ये नवीन. इंग्रजी अक्षरांत मराठी. अक्षर लावत वाचलं:
"नमस्कार सुजाताताई. आम्ही येवल्याहून रघुनाथ व शांता. तुमचा पदर सुरू केला. पहिला मोर झाला. मोराची मान निळी घेतली आहे, चालेल ना कळवणे. रोज चार वाजता येऊन बघतो पण तुमचे उत्तर दिसत नाही. तब्येत बरी असेल."
म्हणजे तेच होते. रोज तेच.
अण्णांकडून कळलं, त्यांच्या गल्लीत साडेतीनला लोडशेडिंग सुरू होतं. अंधारात जरीची तार दिसत नाही, माग बंद. मग दोघं चालत बस स्टँडच्या कॅफेत जातात, तिथे बॅटरीवर चालतं. कॅफेवाला टाइप करून देतो, आलेलं वाचून दाखवतो. मी इथे बसून त्यांना मोजतोय, ते तिथे बसून सुजाताला शोधतायत.

१२ डिसें.
जितू म्हणाला आता उत्तर दे, नाहीतर म्हातारा-म्हातारी रोज चालत येतील.
दिलं. सुजाता म्हणून. "निळी मान चालेल. घाई नाही. नाही झाली तरी चालेल." शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं, की थांबतील.

१३ डिसें.
चारला उत्तर हजर.
"ताई, घाई नाही म्हणालात, फार बरे वाटले. शेठ नेहमी घाई करतात. तुम्ही एवढे समजून घेता म्हणून पदरात दोन मोर जास्त घेत आहोत. त्याचे काही नको."
युक्त्यांचा तो कागद फाडून टाकला. जितूकडे दुसरी प्रिंट आहे.

१४ जानेवारी २००६
संक्रांत. सांगायचंच ठरवून पहिल्या गाडीने येवल्याला.
अख्खं गाव गच्चीवर. मांजा गुंडाळायच्या त्यांच्या लाकडी आसाऱ्या, खाली हलकडीचे डफ वाजतायत, कान बधिर. काकांनी आसारी माझ्या हातात दिली, "धर नीट, ढील दे." म्हटलं एक पतंग झाला की सांगतो. मग दुसरा. शेजारच्या गच्चीवरच्या एकाने आमचे तीन कापले, त्याचा एक कापल्याशिवाय काका उतरणार नाहीत. दुपारचे तीन वाजले. मीच विसरलो होतो कशाला आलोय.
खाली पाणी प्यायला गेलो तेव्हा माग बघितला.
राखाडी. पण राखेसारखा नाही. आमच्या पांडवलेणीचा डोंगर पहाटे असतो तसा. त्यावर जरी आणि मोर, प्रत्येकाची मान जराशी वेगळी वळलेली. मला साड्यांतलं कळत नाही. तरी उभा राहिलो.
काकू कोपऱ्यात चरख्यावर रेशमाच्या कांड्या भरत होत्या. कसं काय, तोंडातून निघून गेलं. "काकू, सुजाता नाहीये. मी लिहिलं होतं ते."
चाक थांबलं नाही. कांडी पूर्ण भरली, दोरा तोडला.
"मला वाटलंच. एवढं लग्नाचं घर, आणि बाई एकदाही मुलीचं नाव सांगत नाही."
मी म्हटलं, काकांना आत्ता वर जाऊन सांगतो.
"अजिबात नाय. पदर निम्मा हाय. त्यांचं मन बिघडलं की हात बिघडतो, मग मोराची मान वाकडी येते ती उकलता येत नाय. साडी उतरेपर्यंत तू ती बाई राहा."
"आणि उतरल्यावर?"
"मग येऊन सांगायचं. तूच. मी मधे पडायची नाय." दुसरी कांडी लावली. "आणि मुलीचं नाव ठरव काहीतरी."

२१ जाने.
मुलीचं नाव मीनल. लिहिलं. काकांनी आशीर्वाद पाठवले.

६ मार्च
काकांनी मीनल काय शिकली विचारलं. तिकडे थंडी कमी झाली का. ताईंचं माहेर कुठलं. मी काहीबाही लिहितो, मग ते वहीत उतरवून ठेवतो, नाहीतर पुढच्या वेळी चुकतं. कळवणला एकाने ट्रॅक्टर दुरुस्तीची साइट करायला बोलावलं होतं, गेलो नाही. कुठेच गेलो नाही या महिन्यात. अण्णा म्हणाले, "टिकलास एका ठिकाणी."
खरी बाई अजून शोधतोय. दिवसाला एक-दोघींनाच, नीट नाव वाचून लिहितो. दोघींनी नाही म्हटलं, पण नीट म्हटलं.

२ एप्रिल
"ताई, आज उतरली. पत्ता कळवणे. शांता म्हणते मीनलच्या अंगावर एकदा बघायला मिळाली असती तर. फोटो तरी पाठवणे."
कॅफेत बसून होतो. माझ्या मागे मशीनसाठी नंबर लावून दोन गिऱ्हाइकं उभी होती. जितूने त्यांना दुसरीकडे बसवलं.

८ एप्रिल
सहा दिवस सुजाताने उत्तर दिलेलं नाही. गेस्टबुकमध्ये सगळं लिहिलं होतं, माझ्या नावाने. पाठवायच्या आधी आठवलं, तो कॅफेवाला हे मोठ्याने वाचून दाखवेल, चार लोकांत. खोडलं.
मग काउंटर खरा केला. ५००० उडवले. राहिले ४१२. माझे वहीत आहेत तेवढे वजा केले, त्यांचे रोजचे अंदाजाने वजा केले. सात उरतात, खरोखर आलेले. सात कोण, माहीत नाही. परत मोजले. सातच.

९ एप्रिल
येवला. दुपार. काकांच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसून लिहितोय. दीडला पोचलो होतो, सरळ घरी जायला हवं होतं. आधी रसवंतीत बसलो, मग एक जण पतंगाचा कागद घोटत होता, एप्रिलात, ते बघत बसलो. आता इथे.
काय बोलायचं ते ठरलंय. आधी सुजाता, मग काउंटर, मग सात जण. सात जणांचं शेवटी, नाहीतर विकायला आल्यासारखं वाटेल.
साडेतीन. गिरणी बंद पडली. लाइट गेली.
घरी जायची गरज नाही, कॅफेत जायला ते इकडूनच येतील.
आले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातलाय. काखेत पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी, दोन्ही हातांनी धरलंय. कॅफेत कॅमेरा आहे, ताईंना फोटो दाखवायचा असेल.
काकूंनी मला बघितलं. काकांनी अजून नाही.