पाठीमागचा हात

४ मार्च, मंगळवार

आज माझा आवाज भरून घेतला! गणवेशांच्या कोठीत, भिंतींना ब्लँकेटं टांगून. नव्या यंत्राच्या कंपनीचा आवाजवाला, टक्कल पडलेला, कानांवर एवढाले हेडफोन. मला स्टुलावर बसवून म्हणे, वाचा. कागदावर चार वाक्यं. "दार उघडा. हात दिसतील असे ठेवा. सावकाश बाहेर या. कुणी काही करणार नाही." वाचली. त्याने नाक मुरडलं. "बाई, हे पोलिसासारखं झालं." मी म्हटलं, मग पोलिसाने काय अंगाई म्हणायची? तर म्हणे, "घरी कुणी दार लावून बसलं तर कशा बोलाल, तसं बोला."

घरी! त्याला काय माहीत.

मला आमच्या बाथरूमचं दार दिसलं. धाकट्या भावाची तिशी उलटली, पण मोठा आवाज झाला की अजूनही आत जाऊन कडी लावतो. टॉवेल डोक्यावरून घेतो, आणि टॉवेलच्या आत दोन्ही हात कानांवर गच्च. आईचा हाका मारून मारून घसा बसला तरी ढिम्म. माझं मात्र ऐकतो. लहानपणापासून. डोळे मिटले आणि त्या दाराशी बसल्यासारखी बोलले. शेवटी तोंडून निघूनच गेलं: "मी आहे ना."

कागदावर नव्हतं ते. पुसा म्हटलं. आवाजवाला म्हणाला, "पुसतो कसला! हेच तर हवं होतं." साहेबांनीही मान डोलावली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

५ मार्च, बुधवार

यंत्राला नाव पडलं: मावशी! गाडीवाल्या मिशांनी ठेवलं. हे मिशा (मिशांवरूनच पडलेलं नाव) गाडीत बसून पडद्यावर बघत यंत्र चालवणार. कमरेएवढं धूड, रणगाड्यासारखे पट्टे, लांब मान, मानेवर कॅमेरा, दार ढकलायला एक चिमटा. चिमट्याखाली काळी नळी. त्यातून तारा सुटतात आणि माणसाला विजेचा झटका बसतो. आणि या सगळ्यातून माझा आवाज! दिवसभर जो तो मला बघून, "माय मरो पण मावशी जगो." हसून हसून पोट दुखलं.

आजवर हे काम मीच करत आले. ठाण्यात मला 'दारावरची बाई' म्हणतात. कुणी आत कोंडून घेतलं, कुणी सुरी घेऊन बसलं, की मला पुढे करायचे. मी दाराशी बोलायची आणि उजवा हात पाठीमागे धरायची. पंजा उघडा म्हणजे मागच्यांनी जागचं हलायचं नाही. मूठ मिटली की यायचं. कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप ठरत गेलं. आतल्याला हात दिसत नाही, मागच्यांना तोंड दिसत नाही.

आता यंत्र जाणार. जाऊ दे! गेल्या वर्षी माझ्या जागी उभ्या राहिलेल्या पोराच्या पोटात सुरी गेली. अजून त्याला धड चालता येत नाही. मला टेबल मिळालं. आई म्हणाली, "सुटलीस."

९ मार्च, रविवार

धाकट्याला फोनवर आवाज ऐकवला. तो खालच्या शिंपीणबाईंची बटणं निवडत बसला होता. हे काम त्याच्याइतकं नीट कुणी करत नाही, आणि त्या कौतुकही करतात. ऐकून टाळ्या पिटल्या. "ताई डब्यात बसली!" मग गंभीर. "कुणाला म्हणतेस, मी आहे ना?"

म्हटलं, घाबरलेल्या लोकांना.

"म्हणजे माझ्यासारख्यांना." आणि पुन्हा बटणांत डोकं घातलं.

१३ मार्च, गुरुवार

मावशीची पहिली फेरी फत्ते! एक म्हातारे गृहस्थ गॅसची टाकी उघडी टाकून, काडेपेटी घेऊन बसले होते. सुनेशी भांडण. मावशी बोलली आणि गृहस्थ काडेपेटी खाली ठेवून, दोन्ही हात वर करून बाहेर! रडत होते म्हणे. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. मिशा म्हणाले, "बाई, तुम्ही इथे बसून चहा पिताय आणि तिकडे माणूस वाचवताय." मान ताठ करून घरी आले.

२० मार्च, गुरुवार

काही सुचत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

लिहूनच काढते.

काल एका तसबिरी बनवणाऱ्याने दुसऱ्या मजल्यावरच्या कारखान्यात स्वतःला कोंडून घेतलं. मालकाने कामावरून काढलं होतं. अंगावर पॉलिश ओतून पेटवून घेतो म्हणत होता. मावशी गेली. बोलली. दार उघडलं. त्याचा डावा हात वर होता आणि उजवा सदऱ्याच्या खिशात. मावशीला शिकवून ठेवलंय, दार उघडल्यावर दोन्ही हात दिसले नाहीत तर थांबायचं नाही. तारा सुटल्या. तो जिन्यावरून खाली गेला, डोक्यावर. आज सकाळी गेला.

खिशात चष्मा निघाला. चष्म्याशिवाय त्याला पायऱ्या दिसत नसत.

कॅमेऱ्यातलं चित्र मी पाहिलं. साहेब नको म्हणत होते, तरी पाहिलं. माझा आवाज. मग शांतता. मग कडीचा आवाज. आणि पाहता पाहता माझा उजवा हात आपोआप पाठीमागे गेला, पंजा उघडा. मिशांनी बघितलं आणि मान फिरवली.

आवाज घेतला आणि हात राहून गेला! कोठीत इतके जण होतो. साहेब, आवाजवाला, मी. मला स्वतःला आठवलं नाही! जे वाक्य मी त्या हाताच्या जिवावर बोलत होते, ते हाताशिवाय देऊन टाकलं. मी असते तर पंजा उघडा ठेवला असता. त्याने चष्मा काढला असता, नाकावर चढवला असता, जिना उतरला असता. फार तर शिव्या दिल्या असत्या.

२४ मार्च, सोमवार

त्याची बायको आली. सामान न्यायला. चष्मा, पट्टा, चपला. मी टेबलावर. नेहमीच्या सवयीने म्हटलं, "बसा ना, पाणी आणू?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्हीच." मग म्हणाली, "मी खाली रस्त्यावर होते. मला वर जाऊ देत नव्हते. तुमचा आवाज आला, तेव्हा मला धीर आला. म्हटलं, चला, कुणीतरी बाई आहे वर."

तिने चष्मा पदराने पुसला, पिशवीत ठेवला. दारापर्यंत गेली आणि वळली. "मी आहे ना, म्हणालात. कुठे होतात?"

इथेच होते. या खुर्चीत. चहा पीत असेन.

२६ मार्च, बुधवार

साहेबांकडे गेले. म्हटलं, माझा आवाज काढा. नाहीतर तारा सोडण्याआधी माणसाने हो म्हणायचं, असं करा. मिशांना करू द्या. ते पडद्यावर बघतच असतात.

साहेब वाईट नाहीत. पण म्हणाले, "तुझ्या आवाजाने दार लवकर उघडतं. दुसऱ्या आवाजाने लोक तासन्‌तास बसून राहतात."

"लवकर उघडतं म्हणूनच तर, साहेब!"

"त्याने हात दाखवायला हवा होता. सांगितलं होतं ना?" मग आवाज खाली आणून, "आणि तू स्वतः होऊन यात पडू नकोस. हात दाखवून अवलक्षण. चौकशीत तुझं नाव कशाला?"

मग मी धाकट्याचं सांगितलं. आमच्या पत्त्यावरून कधी तक्रार आली तर आधी मला फोन करा, यंत्र पाठवू नका. साहेब हसले. "तुझ्या घरी कशाला जाईल मावशी!" मिशांनी मात्र पत्ता लिहून गाडीत पडद्याच्या कडेला चिकटवला. देव त्यांचं भलं करो.

३० मार्च, रविवार

धाकट्याला समजावून सांगायला बसले. डब्यातली ती मी नाही. आवाज माझा, पण मी तिथे नसते.

"मग आवाज तिथे कसा?"

भरून ठेवलाय.

"मग तुझ्यात आहे तो?"

तो मोठं पांढरं बटण बोटांत फिरवत होता. मग समजूत काढल्यासारखा म्हणाला, "ताई, तू असलीस की मी येतो. नसलीस की नाही येत. सोपंय." आईही हसली. मीही. विषय तिथेच राहिला.

२ एप्रिल, बुधवार

चौकशी संपली. यंत्राने सूचना दिली होती, मृताने पाळली नाही. एवढंच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्याशाला मारून वर त्याच्यावरच ठपका! रात्री जेवले नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय.

आज माझी कोर्टात साक्ष होती. फोन बाहेर जमा. वरच्या मजल्यावर सकाळपासून फरशी फोडत होते. धाकटा बाथरूममध्ये, आणि या खेपेस ओरडत होता. समोर नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांना आमची काय कल्पना? वाटलं, कुणी कुणाला मारतंय. त्यांनी फोन केला. त्यांचं चुकलं नाही.

मिशा रजेवर. दुसऱ्या ठाण्याची मावशी आली, दुसरा चालवणारा. यंत्र आत असताना घरात माणूस नको, असा नियम. दोघांनी आईला काखेत धरून खाली रस्त्यावर नेलं. गुडघ्यांनी ती बिचारी धड उतरू शकत नव्हती. ती सांगत होती, माझा मुलगा आहे, घाबरतो तो, मुलीला बोलवा, ती तुमच्यातलीच आहे. तो चालवणारा पोरगा चांगला होता म्हणे, आईला खुर्ची दिली. म्हणाला, "आजी, काळजी नको. तिचाच तर आवाज लावलाय."

आणि धाकटा आला बाहेर. लगेच आला! डोक्यावर टॉवेल. हात टॉवेलच्या आत, कानांवर.

मनगट मोडलं. पुढचे दोन दात पडले, दाराबाहेरच्या बेसिनवर आपटून. जीव वाचला. सगळे म्हणताहेत, जीव वाचला.

१२ एप्रिल, शनिवार

शुद्धीवर आहे. मला बघून फुटक्या ओठांतून, "तू मला 'बाहेर या' म्हणालीस."

हो.

"मला वाटलं, रागावलीस. म्हणून परक्यासारखी बोलतेस. म्हणून पटकन आलो."

मी बाहेर जाऊन भिंतीवर डोकं टेकून रडले. नर्सबाईंनी पाणी दिलं.

१४ एप्रिल, सोमवार

साहेब फळं घेऊन आले. उभेच राहिले. "नियमाप्रमाणेच झालं. त्याचे हात दिसत नव्हते."

"कानांवर होते, साहेब."

म्हटलं, आता तरी पुसा तो आवाज. ते फळांच्या पिशवीची गाठ सोडत राहिले. मग म्हणाले, आता माझ्या हातात नाही. सगळ्या ठाण्यांच्या यंत्रांत गेलाय, कंपनीने बाहेरही विकलाय. कुठे कुठे, त्यांनाही माहीत नाही.

म्हणजे आत्ता, मी हे लिहीत असताना, कुठल्या तरी दारापुढे मी बोलत असेन.

१७ एप्रिल, गुरुवार

मिशा आले. दारातच बसकण मारली त्यांनी. "मी रजा घ्यायला नको होती, बाई." त्यांनाच चहा करून पाजला, त्यांनाच समजावलं. जाताना धाकट्याच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले, तर तो आईच्या मागे लपला. शिंपीणबाईंनी बटणांचा डबा पाठवलाय. तसाच पडलाय.

२० एप्रिल, रविवार

घरी येऊन तीन दिवस झाले. आईशी बोलतो. माझ्याशी नाही. मी बोलले की माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघतो, आणखी कुणी आहे का ते.

२३ एप्रिल, बुधवार

वर पुन्हा फरशी सुरू झाली. तो आत गेला, कडी लावली. मी दाराशी जमिनीवर बसले, नेहमीसारखी. म्हटलं, "ये राजा. मी आहे ना."

आतून, अगदी दाराजवळून त्याचा आवाज आला, हळू: "कोणती ताई?"